वस्ताद डॉ. चार्ल्स ड्रू

रक्तदानाचा दिवस जवळ आला की एक संदेश मोबाइलवर फिरू लागतो. अमेरिकेतल्या एका कृष्णवर्णीय डॉक्टरने रक्तपेढीचा शोध लावला. गोऱ्यांनी काळ्यांचे रक्त वेगळे ठेवायचा हुकूम काढला म्हणून त्याने राजीनामा फेकला. पुढे त्याच्या गाडीला अपघात झाला, गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्याला दारातून परत पाठवले, आणि ज्याने जगाला रक्त दिले तो स्वतः रक्ताविना मेला. संदेशाच्या शेवटी डोळ्यांत पाणी आणणारी एखादी ओळ आणि हात जोडल्याचे चित्र. आपल्या समाजातही हा संदेश आवडीने पुढे पाठवला जातो. का आवडतो, ते सांगायला नको. ज्याला घर भाड्याने मिळताना नाव विचारले जाते, त्याला ही गोष्ट लगेच पटते.

या डॉक्टरचे नाव चार्ल्स रिचर्ड ड्रू. माणूस खरा, मोठेपण खरे. पण संदेशातल्या तीनही गोष्टी चुकीच्या आहेत.

रक्त साठवून ठेवायची सोय त्यांच्या आधीही होती. शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात डॉ. बर्नार्ड फँटस यांनी १९३७ साली अशी पेढी सुरू केली होती, आणि 'ब्लड बँक' हा शब्दही तिथूनच रूढ झाला. राजीनाम्याची गोष्टही तशीच. ड्रू यांनी अमेरिकन रेड क्रॉसचे काम १९४१ च्या एप्रिलमध्ये सोडले. कृष्णवर्णीयांचे रक्त घेणार नाही, असे रेड क्रॉसने जाहीर केले ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये. जानेवारी १९४२ मध्ये त्यात बदल झाला तो एवढाच, की रक्त घेऊ, पण वेगळे ठेवू. या धोरणाला शास्त्राचा काडीचा आधार नाही, हे ड्रू यांनी उघडपणे सांगितले. पण ते तिथून बाहेर पडले होते ते दुसऱ्या कामासाठी.

आणि मृत्यू. १ एप्रिल १९५० च्या पहाटे ड्रू आणखी तीन कृष्णवर्णीय डॉक्टरांबरोबर मोटारीने अलाबामातल्या टस्कीगी गावी निघाले होते. तिथल्या रुग्णालयात दरवर्षी मोफत तपासणीचे शिबिर भरत असे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात, बर्लिंग्टन शहराजवळ, गाडी चालवताना त्यांचा डोळा लागला. त्यांना अॅलमन्स जनरल रुग्णालयात नेले. रुग्णालयात वर्णभेद होताच. पण तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवायची शिकस्त केली. जखमा इतक्या खोल होत्या की उपाय चालला नाही. गाडीत बरोबर असलेले डॉक्टर वाचले आणि उपचारात कसूर झाली नव्हती, हे त्यांच्यातल्या डॉ. जॉन फोर्ड यांनी पुढे वारंवार सांगितले. ड्रू तेव्हा ४५ वर्षांचे होते.

मग ही अफवा आली कुठून? इतिहासकार स्पेन्सी लव्ह यांनी यावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. त्यांना त्याच भागातली दुसरी एक घटना सापडली. ड्रू गेले त्याच वर्षी, डिसेंबरात, माल्थियस एव्हरी नावाचा २४ वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी मोटार अपघातात जखमी झाला. महायुद्धात सैन्यात काम करून आलेला मुलगा. त्यालाही आधी त्याच अॅलमन्स रुग्णालयात नेले. तिथून त्याला मोठ्या उपचारासाठी ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात पाठवले. काळ्यांसाठी राखलेल्या खाटा भरल्या आहेत, असे सांगून तिथे त्याला परत पाठवण्यात आले. तिसऱ्या रुग्णालयात पोचल्यावर थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला.

म्हणजे गोष्ट खोटी नव्हती. ती ज्याच्यावर गुजरली त्याचे नाव लोकांच्या ध्यानात राहिले नाही आणि ती एका मोठ्या नावाला जाऊन चिकटली. अन्याय खरा असला की त्याला चेहराही ओळखीचाच लागतो. हे समजण्यासारखे आहे. पण यात दोघांचेही नुकसान झाले. एव्हरी विस्मरणात गेला आणि ड्रू यांचे जे सर्वांत मोठे काम, ज्यासाठी त्यांनी रेड क्रॉस सोडली, ते त्यांच्या मृत्यूच्या कहाणीखाली झाकले गेले. ते काम होते कृष्णवर्णीय शल्यविशारदांची पिढी तयार करणे. आज ज्याला संशोधन-मार्गदर्शनाचा कार्यक्रम म्हणतात, मेंटॉरशिप म्हणतात, त्याचा हा जुना आणि पक्का नमुना आहे. आज मला त्यावरच लिहायचे आहे.

दोन कॉलेजे, एक डीन

महात्मा फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले तेव्हा ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे आपण शाळेत शिकवतो. पण मुक्त झाल्यावर त्या गुलामांचे पुढे काय झाले, हा धडा आपल्या पुस्तकांत येत नाही. यादवी युद्ध चालू असतानाच, १८६२ साली, वॉशिंग्टनमध्ये सुटून आलेल्या गुलामांसाठी एक रुग्णालय निघाले. त्याचे नाव फ्रीडमेन्स हॉस्पिटल. १८६८ मध्ये त्याच शहरात हॉवर्ड विद्यापीठाने वैद्यकीय शिक्षण सुरू केले आणि हे रुग्णालय त्याच्या विद्यार्थ्यांचे शिकण्याचे ठिकाण झाले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कृष्णवर्णीयांसाठी ७ वैद्यकीय महाविद्यालये होती. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा वैद्यकीय शिक्षणावरचा प्रसिद्ध अहवाल आला. पैसा नाही, प्रयोगशाळा नाहीत अशी महाविद्यालये बंद करावीत, असा त्याचा रोख होता. गोऱ्यांचीही अनेक बंद झाली. पण गोऱ्या मुलाला दुसरे दार होते. कृष्णवर्णीयांच्या ७ पैकी ५ संस्था पुढच्या काही वर्षांत मिटल्या आणि हॉवर्ड व नॅशव्हिलचे मेहॅरी एवढी दोनच राहिली. या अहवालात आणखी एक मत नोंदवलेले आहे. कृष्णवर्णीय डॉक्टराने आपल्याच लोकांत काम करावे आणि त्याच्या शिक्षणात शस्त्रक्रियेपेक्षा आरोग्य-स्वच्छतेवर भर असावा. म्हणजे डॉक्टर व्हा, पण सुरी हातात घेण्याची हौस करू नका.

अशा काळात, १९२९ साली, डॉ. न्यूमा अॅडम्स हॉवर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे डीन झाले. त्या पदावरचे ते पहिले कृष्णवर्णीय. त्यांच्यापुढचा प्रश्न सोपा दिसतो, पण आजही तो प्रत्येक मागे राहिलेल्या समाजापुढे उभा आहे: चांगले विद्यार्थी घडवायला चांगले शिक्षक हवेत, आणि चांगले शिक्षक तयार होतात त्या ठिकाणी आपल्या माणसाला घेत नाहीत. मग सुरुवात कुठून करायची?

अॅडम्स यांनी हुशार तरुण निवडायला सुरुवात केली. रॉकफेलर घराण्याच्या पैशातून चालणाऱ्या जनरल एज्युकेशन बोर्डाकडून त्यांना शिष्यवृत्ती मिळवून द्यायची, देशातल्या उत्तम विद्यापीठात एखाद्या नामांकित संशोधकाच्या हाताखाली ठेवायचे आणि परत येताच त्यांच्या हाती एकेक विभाग सोपवायचा, अशी ही योजना. डॉ. मॉन्टेग्यू कॉब असेच क्लीव्हलंडला गेले, तिथे शरीररचनाशास्त्रात संशोधन करून १९३२ मध्ये डॉक्टरेट घेतली आणि हॉवर्डला परतले. ते परत येईपर्यंत काम थांबू नये म्हणून काही विभागांत बाहेरून गोरे प्राध्यापक आणले गेले; पण त्यांना आधीच सांगितलेले असे, की तुमची जागा घेणारा माणूस तुम्हीच तयार करायचा आहे. शल्यचिकित्सा विभागात येलहून आलेले डॉ. एडवर्ड ली हाऊज हे असेच. त्यांच्या हाताखाली जो तरुण तयार झाला, तो चार्ल्स ड्रू.

या योजनेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो परतीचा रस्ता. हुशार मुलगा बाहेर पाठवणे अनेकांना जमते. तो आल्यावर त्याला बसायला खुर्ची, काम करायला टेबल आणि शिकवायला वर्ग तयार ठेवणे, हे अॅडम्स यांनी केले.

पठ्ठा कसा घडला

मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे 'तालीम' हा शब्द वर्गात आला की मुलांना थांबवतो. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा. उर्दूतला उस्ताद मराठीत येताना वस्ताद झाला आणि कोल्हापूरच्या तालमीत जाऊन बसला. ड्रू यांच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात, कारण हा माणूस आधी खेळाडू होता.

वडील गालिचे बसवण्याचे काम करीत, आई शिक्षिकेचे शिक्षण घेतलेली. ३ जून १९०४ चा वॉशिंग्टनमधला जन्म. १९२० मध्ये एल्सी नावाची बहीण क्षय आणि त्यावर आलेल्या साथीच्या तापाने गेली. डनबार हायस्कूल फक्त कृष्णवर्णीयांसाठी होते. पण बाहेर नोकऱ्या न मिळालेले उच्चशिक्षित कृष्णवर्णीय तिथे शिकवत, म्हणून शाळा नामांकित होती. तिथून खेळाच्या शिष्यवृत्तीवर ड्रू अॅम्हर्स्ट कॉलेजात गेले. ६०० विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय १३. फुटबॉल आणि धावण्याच्या शर्यतींत नाव झाले. जीवशास्त्राच्या एका प्राध्यापकामुळे वैद्यकशास्त्राची ओढ लागली, पण खिशात पैसे नव्हते. १९२६ ते १९२८ अशी दोन वर्षे त्यांनी बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात मुलांना शास्त्र शिकवले आणि त्यांच्या खेळांच्या संघांना तयार केले. म्हणजे डॉक्टर होण्याआधी ते वस्ताद झाले होते.

पैसे जमल्यावर ते कॅनडात माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात गेले आणि १९३३ मध्ये १३७ विद्यार्थ्यांच्या वर्गात दुसरे आले. तिथे जॉन बीटी नावाचे शिक्षक भेटले. रक्तस्रावाने शरीर कोसळते त्याला 'शॉक' म्हणतात. अशा रोग्याला कोणते द्रव, किती आणि कसे द्यावेत, हा बीटींच्या अभ्यासाचा विषय. ड्रू यांच्या पुढच्या सगळ्या संशोधनाचे बी इथे पडले. १९३५ मध्ये ते हॉवर्डला शिकवायला आले आणि १९३८ मध्ये अॅडम्स यांच्या योजनेतून, शिष्यवृत्तीवर, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले.

कोलंबिया म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला दुसरे नाव आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात तिथेच शिकले, सेलिग्मन आणि ड्यूई यांच्यासारख्या प्राध्यापकांकडे. त्यांच्यामागे सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. दोन देश, दोन वेगळी दुःखे. पण घडणीचा क्रम तोच. कुणीतरी पैसे उभे केले, कुणीतरी दार उघडले, आणि आत एक शिक्षक भेटला.

ड्रू यांच्यासाठी दार अर्धेच उघडले होते. कोलंबियाशी जोडलेल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयातल्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख डॉ. अॅलन व्हिपल यांनी त्यांना सुरुवातीला वॉर्डात रुग्णांजवळ ठेवले नाही. त्यांची रवानगी केली जॉन स्कडर यांच्याकडे, रक्त साठवण्याच्या प्रयोगांवर. ही एका परीने बाजूला काढण्याचीच रीत होती. पण स्कडर यांनी त्यांना बरोबरीचा सहकारी मानून काम दिले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्या रुग्णालयात प्रायोगिक रक्तपेढी सुरू झाली, तिची बारीकसारीक घडी ड्रू यांनी बसवली. साठवलेल्या रक्तावरच्या प्रबंधाला १९४० मध्ये वैद्यकातली डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली. कोलंबियाची ही पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे व्हिपल यांचेही मत बदलले आणि त्यांनी ड्रू यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण दिले.

त्याच वर्षी जर्मनीची विमाने इंग्लंडवर बाँब टाकत होती. न्यूयॉर्कमध्ये रक्त गोळा करून त्यातले प्लाझ्मा, म्हणजे रक्तपेशी काढल्यावर उरणारे द्रव, समुद्रापार पाठवण्याची मोहीम निघाली. तिचे संचालक म्हणून स्कडर यांनी आपल्याच शागिर्दाचे नाव सुचवले. वेगवेगळ्या रुग्णालयांत एकाच पद्धतीने रक्त घ्यायचे, जंतू शिरू द्यायचे नाहीत, प्रत्येक बाटली तपासायची, ही शिस्त ड्रू यांनी लावली. १४,५५६ दात्यांचे रक्त जमा झाले आणि ५,००० लिटरहून अधिक प्लाझ्मा इंग्लंडला गेला. मग रेड क्रॉसने वाळवलेल्या प्लाझ्माचा प्रायोगिक प्रकल्प त्यांच्या हाती दिला. मोटारीत फिरती रक्तदान केंद्रे त्या प्रकल्पात त्यांनीच आणली. वय अवघे ३६. देशभर नाव झालेले. आणि याच वेळी ते सगळे सोडून हॉवर्डला परतले.

तालीम

१९४१ मध्ये ड्रू हॉवर्डच्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख आणि फ्रीडमेन्स रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद झाले. त्याच वर्षी अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीने त्यांना परीक्षक नेमले. तिथे परीक्षक म्हणून बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढची नऊ वर्षे, मृत्यूपर्यंत, त्यांनी मुख्यतः एकच काम केले: तरुण डॉक्टरांना शल्यविशारद बनवणे.

हे कशासाठी? हॉवर्ड आणि मेहॅरीमधून डॉक्टर बाहेर पडत होते, पण विशेषज्ञ होण्यासाठी पुढे काही वर्षे रुग्णालयात राहून शिकावे लागते. त्याला रेसिडेन्सी म्हणतात. बहुतेक मोठी रुग्णालये कृष्णवर्णीय डॉक्टरांना त्यासाठी घेत नसत. रेसिडेन्सी नाही म्हणून बोर्डाची परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणून मोठ्या रुग्णालयात जागा नाही. आणि जागा नाही म्हणून पुढच्याला शिकवायला कुणी नाही. ड्रू यांनी फ्रीडमेन्समध्येच या फेऱ्याला खिंडार पाडायचे ठरवले.

त्यांच्या पद्धतीत लाड नव्हते. आपल्या मुलांवर अन्याय होतो म्हणून त्यांना सोपा पेपर द्यावा, हा विचारच त्यांना मान्य नव्हता. जे कुठल्याही मोठ्या विद्यापीठातल्या रेसिडेंटला यायला हवे, तेवढे फ्रीडमेन्सच्या रेसिडेंटलाही आलेच पाहिजे. शस्त्रक्रियेच्या बरोबरीने त्यामागचे शास्त्र, नवे संशोधन, लिहिणे आणि मांडणे हेही आले पाहिजे. पण एवढी कडक मागणी करणारा हा माणूस मुलांसाठी दारोदार फिरतही होता. दुसऱ्या संस्थांना पत्रे लिहून जागा मागणे, प्रवासाला आणि शिक्षणाला पैसे उभे करणे, तयार झालेल्याला कुठे पाठवायचे याचा विचार करणे, हे सगळे त्यांच्या कामात धरलेले होते. आखाड्यातला वस्ताद पठ्ठ्याकडून जोर-बैठका काढून घेतो, आणि त्याच्या खुराकाची काळजीही तोच करतो. एक केले आणि दुसरे नाही केले, तर पहिलवान तयार होत नाही.

तिसरे काम दाराबाहेरचे होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सदस्य व्हायचे तर आधी स्थानिक वैद्यकीय संघटनेचे सदस्य व्हावे लागे, आणि वॉशिंग्टनसह अनेक ठिकाणच्या संघटना कृष्णवर्णीयांना घेत नसत. १९४७ मध्ये ड्रू यांनी याविरुद्ध असोसिएशनला लिहिले. उपयोग झाला नाही. त्या संघटनेने या इतिहासाबद्दल जाहीर माफी मागितली ती २००८ साली. म्हणजे विद्यार्थ्याला चांगले शिकवले की संपले, असे नाही. त्याच्या वाटेतला दगड हलवायचा प्रयत्नही शिक्षकालाच करावा लागतो, मग तो दगड त्याच्या हयातीत हलो वा न हलो.

फळ काय मिळाले? १९४१ ते १९५० या काळात अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीची मान्यता मिळवणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी निम्म्याहून अधिक ड्रू यांच्याकडे तयार झालेले होते. हा आकडा ८ आहे. आठ! पहिल्यांदा वाचताना हसू येईल इतका लहान. त्यांच्या हाताखाली थोडाफार शिकलेल्या आणखी १४ जणांना १९५० नंतर मान्यता मिळाली. बावीस माणसे. पण हीच माणसे पुढे दुसऱ्या शहरांत विभागप्रमुख झाली, त्यांनी आपले रेसिडेंट घडवले, आणि त्या रेसिडेंटांनी आपले.

ड्रू गेले तेव्हा लासॅल लेफॉल नावाचा विद्यार्थी हॉवर्डमध्ये वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला होता. १९५२ मध्ये तो वर्गात पहिला आला, पुढे कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा जाणकार झाला आणि ड्रू ज्या खुर्चीवर बसले होते त्या शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुखपद त्याने १९७० पासून २५ वर्षे सांभाळले. अमेरिकन कॅन्सर सोसायटीचे आणि अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष डॉ. लेफॉल हेच. याच कॉलेज ऑफ सर्जन्सने ड्रू यांना हयातीत सदस्य करून घेतले नव्हते. १९५१ मध्ये, मृत्यूनंतर, सदस्यत्व दिले. वस्तादाला दारात उभे केले त्या घराचा कारभार शागिर्दाकडे आला. संदेशातल्या खोट्या मृत्यूपेक्षा हा खरा शेवट मला जास्त दिलासा देतो.

आणखी एक उस्ताद

ड्रू यांनी जे एका रुग्णालयात केले, ते देशपातळीवर करण्याचा प्रयत्न पुढे झाला. त्यात हॅरॉल्ड अॅमॉस यांचे नाव घ्यावे लागते. ते शल्यविशारद नव्हते, जीवाणूंचे अभ्यासक होते. वडील पोस्टमन. आई एका क्वेकर पंथीय कुटुंबाच्या मायेत वाढलेली, आणि त्या कुटुंबाकडून घरात पुस्तके येत. लहानपणी त्यांतले लुई पाश्चरचे चरित्र हाती आले आणि मुलाची दिशा ठरली. युद्धात नोकरी करून आल्यावर १९५२ मध्ये त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट घेतली, काही काळ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केले आणि मग हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये शिकवू लागले. तिथे एखाद्या विभागाचे प्रमुख होणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

१९८३ साली रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने एक कार्यक्रम सुरू केला. कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळ अमेरिकी अशा समाजांतले डॉक्टर तयार होत होते, पण संशोधन करून प्राध्यापक होणारे विरळा. अशा डॉक्टरांना निवडून ४ वर्षे पगार आणि संशोधनाचा खर्च द्यायचा, बहुतेक वेळ प्रयोगशाळेसाठी मोकळा ठेवायचा आणि प्रत्येकाला एका ज्येष्ठ संशोधकाशी जोडून द्यायचे, अशी त्याची रचना. अॅमॉस यांनी १९८९ ते १९९३ या काळात या कार्यक्रमाचे नेतृत्व केले. २००३ मध्ये ते वारले आणि कार्यक्रमाला त्यांचे नाव मिळाले.

यात चार वर्षे हा शब्द मोलाचा आहे. एका दिवसाची कार्यशाळा, एक भाषण, एक प्रमाणपत्र यांनी संशोधक होत नाही. प्रश्न शोधायला वर्ष जाते, पहिला प्रयोग फसतो, पहिला लेख परत येतो. त्या वेळी 'असे सगळ्यांचेच होते, पुन्हा कर' असे म्हणणारा माणूस जवळ लागतो. ज्यांच्या घरात आधीच प्राध्यापक असतात त्यांना तो जेवणाच्या टेबलावर भेटतो. बाकीच्यांसाठी तो कुणालातरी मुद्दाम नेमावा लागतो.

एवढे होऊनही सगळे सुरळीत झाले असे नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार १९७८ मध्ये ५४२ कृष्णवर्णीय पुरुषांनी वैद्यकीय शिक्षणात प्रवेश घेतला होता. २०१४ मध्ये हा आकडा ५१५ होता. ३६ वर्षे गेली आणि संख्या कमी झाली. २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसले, की शिक्षण, अनुभव वगैरे सारखे धरूनही कृष्णवर्णीय संशोधकांना सरकारी संशोधन निधी मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्के गुणांनी कमी आहे. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यावर बंदी घातली. दार उघडे राहील याची हमी कुणालाच नसते. म्हणूनच दाराच्या आत पोचलेल्यांवर मागच्यांचे देणे असते.

आपला हिशेब

आता आपल्याकडे वळू. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातला एक आकडा मी शिक्षकांच्या बैठकीत नेहमी सांगतो. देशातल्या नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या वर्गात २५ विद्यार्थ्यांमागे १ मुस्लिम होता आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे १. लोक पहिल्या आकड्यावर हळहळतात. मला दुसरा जास्त बोलका वाटतो. आत पोचलेल्यांतलेही एक पायरी चढताना निम्म्याने गळतात. ही गळती परीक्षेच्या गुणांनी समजत नाही.

आपल्या समाजात दहावी-बारावीचा निकाल लागला की सत्काराचे कार्यक्रम होतात. शाल, फुले, मोमेंटो, मान्यवरांची भाषणे, फोटो. नीट उत्तीर्ण होऊन एमबीबीएसला लागलेल्या मुलीचा तर मोहल्ल्यात बॅनर लागतो. चांगलेच आहे, मीही टाळ्या वाजवतो. पण बॅनर उतरल्यावर तिसऱ्या वर्षाला ती मुलगी काय करते आहे, हे कोण विचारतो? अशाच एका विद्यार्थिनीने मला मागे फोन केला होता. 'सर, आमच्याकडे संशोधनाच्या छोट्या प्रकल्पासाठी अर्ज मागवलेत. विषय कसा निवडायचा, कोणत्या सरांना विचारायचं, काहीच कळत नाही. आमच्या घरात कुणाला विचारू?' मी भाषेचा शिक्षक. मी तिला अर्जाचा मसुदा नीट करून देऊ शकत होतो, तेवढा दिला. विषय सांगणारा डॉक्टर शोधायला दोन आठवडे लागले. डॉक्टर सापडला तेव्हा कळले, की तो आमच्याच शहरात, चार गल्ल्या सोडून राहतो आणि त्याला आजवर असे कुणी विचारलेच नव्हते.

हा अनुभव मी कुणाला दोष द्यायला सांगत नाही. आपल्याकडे माणसे आहेत, मुले आहेत, मधला दुवा नाही. न्यूमा अॅडम्स यांच्याकडेही सुरुवातीला फारसे काही नव्हते; एक यादी होती, पत्रे लिहायची तयारी होती आणि परत येणाऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा होती. शहरातल्या दहा डॉक्टरांनी प्रत्येकी एका विद्यार्थ्याला ४ वर्षे धरून ठेवले, महिन्यातून एकदा तासभर त्याच्याबरोबर एखादा शोधनिबंध वाचला, आपल्या ओळखीच्या प्राध्यापकाला एक पत्र लिहिले, तर यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही, मंत्र्याची तारीख लागत नाही. आकडा लहान दिसेल. ड्रू यांचाही आठच होता.

बाबासाहेबही शिकून आले आणि केवळ स्वतःच्या पदव्यांवर थांबले नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे केले. ज्यांना कुणीतरी दार उघडून दिले होते, त्यांनी आपापल्या ठिकाणी नवे दार बांधले. आपल्यावर अन्याय कसा झाला, हे सांगणे आवश्यकच आहे. माल्थियस एव्हरीचे नाव म्हणून तर लक्षात ठेवायचे. पण शहादतीच्या गोष्टीत ऐकणाऱ्याला करण्यासारखे काही उरत नाही. डोळे पुसायचे आणि संदेश पुढे पाठवायचा. तालमीच्या गोष्टीत मात्र ऐकणाऱ्याच्या वाट्याला काम येते.

तालमीत वस्तादाच्या स्वतःच्या कुस्त्या काही वर्षांनी लोक विसरतात. तो ओळखला जातो तो त्याच्या पठ्ठ्यांवरून. तुमच्यापैकी कुणी डॉक्टर असेल, प्राध्यापक असेल, प्रयोगशाळेत काम करत असेल, तर त्याला माझा एवढाच प्रश्न आहे: तुमचा पठ्ठा कोण?